दहापट अंतर

बाबांना जुनी वसाहत कोंबडेकाका म्हणायची. कोंबड्या त्यांनी आयुष्यात कधी पाळल्या नाहीत. पण हवामान केंद्राच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा एक कोंबडा होता, आणि त्याच्या मानेत तेल घालायला बाबा शिडीवर चढले की खाली पोरं गोळा व्हायची. तेल मिळालं की कोंबडा गर्रकन फिरायचा, पोरं टाळ्या पिटायची आणि बाबा वरून ओरडायचे, "टाळ्या कसल्या वाजवता? वारा फिरवतोय त्याला, मी नाही!" माणूस असा. स्वतः श्रेय घ्यायचं नाही आणि दुसऱ्याला चूक करू द्यायची नाही.

निवृत्तीनंतर ते आणि आई लेकीकडे राहायला आले, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सवय मात्र सुटली नव्हती. सकाळचा चहा झाला की बाबा गॅलरीत जायचे, आकाशाकडे आणि समोरच्या इमारतीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायचे आणि कुणालाही उद्देशून नसलेल्या आवाजात म्हणायचे, "वायव्येकडून. मंद."

"झाली नोंद," आई आतून म्हणायची. "आता दुधाची पिशवी आत घ्या."

लेक एका कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होती. ऑफिसात तिला सरासरीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. टेकड्या विकणारे आणि टेकड्यांवर पवनचक्क्या लावणारे यांच्या मधोमध बसून ही कंपनी वाऱ्याचा अंदाज करून द्यायची. काम ऐकायला सोपं आहे. टेकडीवर मोजमापाचा खांब उभारायचा आणि वर्ष-दोन वर्षं वारा मोजायचा. त्याहून जास्त थांबायला कुणाला वेळ नसतो. पण वाऱ्याच्या हिशेबात दोन वर्षं म्हणजे दोन घास, त्यावरून अख्ख्या जेवणाची चव सांगता येत नाही. म्हणून मग आसपासचं एखादं जुनं हवामान केंद्र शोधायचं, जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं मुकाट्याने मोजत बसलेलं असतं, आणि टेकडीची दोन वर्षं त्या लांबलचक वर्षांशी ताडून बघायची. ती दोन वर्षं भरभराटीची होती, मंदीची होती की आपली नेहमीसारखी, हे त्यावरून कळतं.

या खेपेला जी टेकडी आली, तिच्या सर्वांत जवळचं केंद्र होतं बाबांचं.

ही बातमी तिने घरी आल्या आल्या चपला काढता काढता सांगितली. दुसऱ्या दिवशी दाढीचा दिवस नसताना बाबांनी दाढी केली. सगळ्या नोकरीत त्यांनी आकडे पाठवले होते, ऊन म्हटलं नाही, ताप म्हटला नाही, आणि त्या आकड्यांचं पुढे काय झालं हे त्यांना एकदाही कुणी कळवलं नव्हतं. विहिरीत खडा टाकावा आणि बुडुक आवाजसुद्धा येऊ नये, तसं. आता पहिल्यांदा त्यांच्या आकड्यांवरून कुठेतरी काहीतरी उभं राहणार होतं, आणि तेही पोटच्या पोरीच्या हातून. त्यांनी ही गोष्ट खालच्या वॉचमनला सांगितली, औषधाच्या दुकानात सांगितली, आणि दातांच्या डॉक्टरला तर तोंड उघडं ठेवायला लावलेलं असताना सांगितली.

"झाला का रिपोर्ट?" ते रोज संध्याकाळी विचारायचे. "माझं केंद्र कितव्या पानावर आहे?"

"होईल, बाबा," ती म्हणायची.

पहिला हिशेब झाला तेव्हा ऑफिसात आनंदीआनंद झाला. मॉडेल म्हणत होतं की बाबांच्या केंद्रावर पूर्वी वारा चांगलाच होता आणि अलीकडे तो घटला आहे. म्हणजे टेकडीवर मोजलेली दोन वर्षं मंदीची निघाली. मंदीतही टेकडी इतका वारा देते, मग नेहमीच्या वर्षांत किती देईल! साहेबांनी आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"सरासरीबाई, ही टेकडी नाही, सोन्याची खाण आहे," ते म्हणाले.

टेबलाच्या टोकाला शंकासुर बसला होता. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल, एरवी कुणी वापरत नसे. इतरांच्या कामात खोट काढणं हेच त्याचं काम होतं आणि ते तो मन लावून करायचा. त्याने आकडा बघून नाक मुरडलं.

"पोळ्या लाटायच्या आधीच तूप वाढू नका, साहेब. वारा इतका घटला कशाने?" तो म्हणाला. "आजूबाजूच्या कुठल्याच केंद्रावर घटलेला नाही. मला विचाराल तर हे केंद्रच बिघडलंय. यंत्र गंजलं असेल, बघणाऱ्याने हयगय केली असेल. टाका काढून. उपग्रहावरून काढलेला डेटा आहे की आपल्याकडे, तो वापरा."

"हयगय" हा शब्द तिला फार लागला. बघणारा कोण होता हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. शंकासुराच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, तुमच्या वडिलांनंतर जो आला असेल त्याने." पण घट बाबांच्याच काळात सुरू झालेली आलेखात स्पष्ट दिसत होती.

"आठवडाभर द्या," ती म्हणाली.

जागेवर येऊन तिने तेच केलं जे दुसऱ्या कुठल्याही केंद्राच्या बाबतीत पहिल्याच दिवशी केलं असतं. वारा दिशांप्रमाणे वेगळा केला. घरचं केंद्र म्हणून तिने ही पायरी गाळली होती, आणि हे लक्षात येताच तिला स्वतःचाच राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. उत्तरेचा वारा होता तिथेच होता. दक्षिणेचाही. पूर्वेची रेषा तर पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. घसरत होता तो फक्त पश्चिमेचा वारा, नेमका या भागातला सगळ्यांत जोरकस. आणि तोही हळूहळू, वर्षागणिक, मधे एकदाच उडी मारून वर येऊन पुन्हा घसरणीला लागलेला.

यंत्र गंजलं असतं तर चारी बाजूंचा वारा घटला असता. गंजाला दिशा कळत नाही. याचा अर्थ पश्चिमेला काहीतरी उभं होतं आणि ते वाढत होतं. पश्चिमेला काय होतं? पश्चिमेला त्यांच्या क्वार्टरचं परसदार होतं. स्वयंपाकघराची खिडकी होती, कपड्यांची दोरी होती, आईची दुपारची खुर्ची होती. आणि खुर्चीच्या मागे सुरूंची रांग होती.

सुरू! वारा अडवायला लोक शेताच्या बांधावर मुद्दाम लावतात ते झाड. आयुष्यभर वारा मोजणाऱ्या माणसाच्या दारात ते होतं, आणि लहानपणी त्याच्या काटक्यांनी घर-घर खेळलेल्या या संख्याशास्त्रज्ञ बाईला ते आजवर दिसलं नव्हतं. तिने केंद्रावरच्या आताच्या निरीक्षकाला फोन करून फोटो मागवला. फोटोत खांब दिसत होता, कोंबडा दिसत होता, आणि दोघांच्या मागे हिरवी भिंत.

बाबांना कसं सांगायचं? तिने दोन दिवस सांगितलंच नाही. "झाला का रिपोर्ट?" या प्रश्नाला ती "डेटा साफ करतेय" असं उत्तर देत राहिली. बाबांनी मान डोलावली, पण आईने भाजी निवडता निवडता तिच्याकडे रोखून पाहिलं.

"साफ करण्याएवढं काय घाण झालंय?" बाबा आत गेल्यावर आईने विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बाबांना पश्चिमेची रेषा दाखवली. मग फोटो दाखवला. जास्त बोलायची गरज पडली नाही. वारा कशाने अडतो हे त्या माणसाला शिकवायचं नव्हतं.

"अशक्य," बाबा म्हणाले. "मी नियम पाळला होता. अडथळा जेवढा उंच, त्याच्या दहापट अंतरावर हवा. मी टेप लावून मोजलं होतं. तुझ्या आईला विचार, टेपचं दुसरं टोक तिने धरलं होतं."

"धरलं होतं," आई म्हणाली. "भर उन्हात."

"दहापटीहून जास्त अंतर सोडलं होतं मी!"

तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, दहापट कशाच्या? झाडाच्या कोणत्या उंचीच्या?"

बाबांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यापाशी गेला. रोपवाटिकेतून आणलेली रोपं त्यांच्या गुडघ्याएवढी होती. त्या गुडघ्याची उंची त्यांनी इंचात मोजली होती, दहाने गुणली होती, वर पदरचे दोन हात अंतर सोडलं होतं आणि समाधानाने खड्डे खणले होते. नियम अक्षरशः पाळला होता. झाड वाढतं, एवढी एकच गोष्ट नियमात लिहिलेली नव्हती. आणि मग रोज त्याच झाडांसमोर उभं राहून त्यांनी वारा लिहिला होता. रोज बघणाऱ्याला वाढणारं मूलसुद्धा वाढताना दिसत नाही, तर झाड कुठून दिसणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी लॅपटॉप आपल्या हातांनी मिटला.

"काढून टाक," ते म्हणाले. "माझं केंद्र काढून टाक रिपोर्टातून. खोटी नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी."

"खोटी कुठे आहे, बाबा? खांबापर्यंत जेवढा वारा पोचला तेवढा तुम्ही बरोबर लिहिलात. जो पोचलाच नाही तो कोण लिहिणार?"

"काढून टाक म्हटलं ना," ते म्हणाले आणि खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत गेले नाहीत. चहा झाला आणि ते वर्तमानपत्राची जुनी पुरवणी घेऊन बसले. आईने स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं, मग दुधाची पिशवी स्वतःच आत घेतली. घरात कुणी रागावलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं, पण सरासरीबाईला त्या सकाळी जेवढं वाईट वाटलं तेवढं तिला कधीच वाटलं नव्हतं. माणसाच्या अख्ख्या नोकरीवर आपण काट मारली, असं तिच्या मनात येत राहिलं.

"झाडं माझ्यासाठी लावली होती त्यांनी," आई तिच्याशेजारी बसत म्हणाली. "त्या क्वार्टरचं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. दुपारी तीन वाजले की ऊन सरळ माझ्या कपाळावर. डोकं असं ठणकायचं की विचारू नकोस. मी म्हणायचे, चार झाडं लावा. हे म्हणायचे, नियमात बसत नाही. दोन उन्हाळे नाही म्हणाले. तिसऱ्या उन्हाळ्यात स्वतःच टेप घेऊन आले, म्हणाले, बसतंय नियमात." ती थोडं हसली. "मला तेव्हाच वाटलं होतं, हे कसं काय बसलं. पण मी कशाला बोलू? डोकं माझं दुखत होतं."

सरासरीबाईच्या मनात एक विचार चमकला. झाडांनी किती वारा अडवला हे झाडांच्या उंचीवर ठरतं. कोणत्या वर्षी झाडं किती उंच होती हे कळलं, तर अडलेला वारा हिशेबाने परत घालता येईल. बाबांची एकही नोंद फेकावी लागणार नाही.

"आई, झाडं कोणत्या वर्षी केवढी होती, आठवेल तुला?"

"न आठवायला काय झालं? तू शाळेत जायला लागलीस तेव्हा तुझ्या खांद्याला होती. पुढच्या वर्षी दोरीएवढी, कारण ओल्या चादरी त्यांच्यात अडकायच्या. मग खिडकीच्या चौकटीला लागली. तेव्हापासून डोकं ठणकायचं थांबलं माझं." ती बोटं मोजत गेली आणि लेक लिहून घेत गेली. "तू कॉलेजात गेलीस त्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या वर गेली..."

"काहीतरी सांगू नकोस!" खोलीतून आवाज आला. "टाकी मुळात तेव्हा नव्हतीच!"

"होती."

"नव्हती! टाकी बांधली ती हिचं कॉलेज संपल्यावर. मी सही केली होती." बाबा दारात येऊन उभे राहिले. चुकीचा आकडा कागदावर चढतोय आणि आपण पुरवणी वाचत बसलोय, हे काही त्यांना सोसवलं नाही. "कॉलेजच्या वर्षी सुरू छपराला टेकले होते. छपराची उंची मला पाठ आहे. लिही."

"छपराला त्याच्या आधीच टेकले होते," आई म्हणाली. "पागोळ्या गळायच्या माझ्या खुर्चीवर."

"एक वर्ष आधी. ठीक आहे. एक वर्ष आधी लिही."

आणि मग दुपारपर्यंत त्या टेबलावर दोघांची जी जुंपली, ती ऐकायला मजा होती. एकाच्या मापात छप्पर, टाकी आणि खांबाची शिडी होती, दुसरीच्या मापात दोरी, चादरी आणि उन्हाची तिरीप. पण वर्षं जुळत होती. एका वर्षापाशी आई थबकली.

"या वर्षी मी तुझ्या आजारपणात इथे आले होते. परत गेले तर खुर्चीवर ऊन! बघते तर सगळ्यांचे शेंडे गायब. वादळात मोडले होते. यांनी मला फोनवर सांगितलंसुद्धा नाही."

"तू काळजी केली असतीस," बाबा म्हणाले.

"झाडांची?"

"डोक्याची."

आईने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

पश्चिमेच्या रेषेतली ती एकच उडी कोणत्या वर्षी होती, हे सरासरीबाईने आईला सांगितलेलं नव्हतं, आणि आलेख आईने पाहिलाच नव्हता. तिने लॅपटॉप उघडला, तेच वर्ष असल्याचं पाहिलं आणि तो मिटला. घरच्यांना पटवायचं नव्हतंच. पटवायचं होतं शंकासुराला.

शंकासुराने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"बाई, राग मानू नका. केंद्र तुमच्या वडिलांचं, झाडाची उंची तुमच्या आईच्या आठवणीतली, हिशेब तुमचा. म्हणजे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच घरातले. आपलेच दात, आपलेच ओठ. मी सही कशी करू?"

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या जागी ती असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, आणि ते तिने कबूलही केलं.

"म्हणूनच मला परीक्षा द्यायची आहे," ती म्हणाली. "माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे एका वर्षी वादळात झाडांचे शेंडे मोडले. ते खरं असेल तर त्या वर्षी पश्चिमेचा वारा, फक्त पश्चिमेचाच, एकदम वाढलेला दिसला पाहिजे. वर्ष मी तुम्हाला सांगत नाही, साहेबांना सांगते. तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्या दिशांचा एकत्र वारा पाहिलात, त्यात ही उडी बुडून गेली होती. आता पश्चिमेचा वेगळा घ्या आणि तुमच्या पद्धतीने शोधा. माझा प्रोग्रॅमसुद्धा घेऊ नका."

साहेबांना अशा गोष्टी आवडायच्या. तिने कानात वर्ष सांगितलं, त्यांनी ते पेनाने तळहातावर लिहिलं आणि मूठ मिटली. शंकासुर आपल्या जागेवर गेला. साहेबांनी तेवढा वेळ एका हाताने फोन घेतला, त्याच हाताने चहा प्यायला आणि कुणी नमस्कार केला तर तोही एकाच हाताने परतवला. बरंच चाचपून झाल्यावर शंकासुर परत आला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची खोट सापडल्याची कळा नव्हती.

"एकच जागा सापडते," तो म्हणाला आणि वर्ष सांगितलं. "मी बाकीच्या दिशाही बघितल्या. वारा मोजायचं वाट्यांचं यंत्र बदललं असतं तर त्याही हलल्या असत्या. त्या हलल्या नाहीत."

साहेबांनी मूठ उघडली. शाई घामाने थोडी पसरली होती, पण आकडा वाचता येत होता.

शंकासुराने तो तळहात जवळ ओढून आकडा वाचला. मग सरासरीबाईला म्हणाला, "तुमच्या आईंना आपल्याकडे नोकरी देता येईल का, विचारा."

झाडांनी अडवलेला वारा हिशेबात परत घातल्यावर पश्चिमेची रेषा इतर तिघींसारखी सरळ झाली. वारा घटला नव्हता. म्हणजे टेकडीवरची दोन वर्षं मंदीची नव्हती, नेहमीसारखीच होती, आणि सोन्याच्या खाणीचा आकडा खाली आला.

"म्हणजे टेकडी साधीच?" साहेब उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाले.

"टेकडी चांगली आहे, साहेब. फक्त स्वप्नातली नाही. ठरवल्यापेक्षा थोड्या कमी पवनचक्क्या लावायला सांगा, त्या नीट फिरतील."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सही केली. शंकासुराने त्याच्याखाली सही केली, आणि तीही एकही प्रश्न न विचारता.

रिपोर्ट छापून तिने घरी नेला. बाबा सोफ्यावर ताठ बसले, चष्मा लावला, आणि आपल्या केंद्राचं पान येईपर्यंत एकही पान न गाळता वाचत गेले. तिथे तिने लिहिलं होतं: "केंद्राच्या नोंदी अखंड आणि विश्वासार्ह आहेत. पश्चिम दिशेच्या वाऱ्यात, परिसरातील झाडांच्या वाढीमुळे आलेली घट हिशेबात घेऊन दुरुस्ती केली आहे." बाबांनी ते दोनदा वाचलं. पहिल्या वाक्याशी त्यांचं बोट थांबलं. विहिरीत टाकलेल्या खड्याचा आवाज इतक्या वर्षांनी वर आला होता, आणि तो त्यांना ऐकू आला होता, हे तिला दिसत होतं.

पण मग त्यांनी चष्मा वर केला.

"परिसरातील झाडं, म्हणजे? आपोआप उगवली?"

"बाबा, एवढं पुरेसं आहे..."

"पुरेसं नाही. अपुरी नोंद आहे ही. उद्या कुणी वाचेल तर त्याला कळायला नको, झाडं आली कुठून? लिही: झाडे निरीक्षकाने स्वतः लावली. अंतर मोजताना झाडाची त्या दिवशीची उंची धरली."

"आणि हेही लिही," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "की निरीक्षकाच्या बायकोने लावायला लावली."

"ते लिहायची गरज नाही," बाबा म्हणाले.

"मग अपुरीच राहिली तुमची नोंद."

बाबांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "लिही," ते लेकीला म्हणाले.

तिने पेनाने समासात दोन्ही वाक्यं लिहिली, सुधारलेल्या प्रतीत घालायला. शंकासुर यावर काय म्हणेल, याची तिला फिकीर वाटली नाही.

पुढच्या पानावर पश्चिमेचा आलेख होता. त्यात दोन रेषा होत्या. वरची, झाडं नसती तर आला असता त्या वाऱ्याची. खालची, बाबांनी लिहिलेल्या वाऱ्याची. सुरुवातीला दोन्ही एकमेकींना चिकटून होत्या, मग हळूहळू फाकत गेल्या, वादळाच्या वर्षी जवळ आल्या आणि पुन्हा फाकल्या. मधली जागा तिने फिकट राखाडी रंगाने भरली होती. बाबांनी त्या राखाडी पट्ट्यावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत.

"अगं, इकडे ये," त्यांनी आईला हाक मारली. "बघ, तुझी सावली छापून आलीय."

आई हात पुसत आली, त्यांच्याशेजारी टेकली आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन तिने त्या पट्ट्याकडे निरखून पाहिलं.

"अख्ख्या संसाराच्या दुपारी काढल्या मी तिथे," ती म्हणाली. "आणि एवढीशीच?"

"एवढीशी नाही," बाबा म्हणाले. "पश्चिमेचा वारा आहे तो."